यवतमाळच्या सभेत भरती-ओहोटी

"मॅडम, मॉडेलमधून भरती-ओहोटी काढून टाका," आमचे संचालक यवतमाळच्या वाटेवर जीपमध्ये म्हणाले. पाणी वर येतं, खाली जातं, शिल्लक शून्य. त्यासाठी कॉम्प्युटरचा वेळ कशाला घालवायचा, असा त्यांचा सवाल.

मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरमध्ये उभा केलेला समुद्र. तो चालवून पावसाचा अंदाज काढणं माझं काम. माझं माहेर याच जिल्ह्यातल्या दारव्ह्याचं, त्यामुळे खरा समुद्र मी नोकरी लागल्यावरच पाहिला. त्या वर्षांत कापसाचे हाल चालले होते आणि कापसाशी नातं दाखवल्याशिवाय संशोधनाला निधी मिळत नव्हता. म्हणून आम्ही समुद्रवाले शेतकऱ्यांच्या सभेला निघालो होतो.

मी सरांना सांगितलं, शिल्लक शून्य नसते. भरतीचं पाणी समुद्रतळाच्या डोंगरांवरून ये-जा करतं, तेव्हा पाण्याच्या पोटातच प्रचंड लाटा उठतात. त्या फुटल्या की खालचं थंड पाणी वरच्या कोमट पाण्यात मिसळतं. हे ढवळणं थांबलं तर जगभर फिरणारे खोल प्रवाह मंदावतील. इंडोनेशियाच्या बेटांमधून असंच ढवळलेलं पाणी आपल्या हिंदी महासागरात येतं, आणि तिथल्या उष्णतेशी पावसाचा संबंध असतो.

"खोल प्रवाहाला एका फेरीला किती वेळ लागतो?"

"शेकडो वर्षं, सर."

"मग हे सभेत बोलू नका."

सभेत सरांनी जाहीर केलं, की मॉडेलप्रमाणे यंदा पाऊस वेळेवर येणार. सभागृह खूश झालं. पाऊस नक्की येणार म्हटल्यावर लोक धूळपेरणी करतात, म्हणजे कोरड्या मातीतच बी टाकतात. पाऊस लांबला की बी वाया.

महागावकडच्या शोभाताई उठल्या. आदल्या वर्षी त्यांना दोनदा पेरावं लागलं होतं. चहाच्या वेळी मी त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलले होते, म्हणून बहुधा त्यांनी सरांना सोडून मलाच विचारलं, "बाई, तुमी सांगा. धूळपेरणी करू का नोको?"

"मले माहीत नाही, ताई. आमचा समुद्र अजून खऱ्यासारखा वागून नाही राह्यला. त्याच्या भरोशावर बी नका टाकू."

सर पाणी प्यायले.

पाऊस अगदी वेळेवर आला.

दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा दारव्ह्याच्या बाजारात नातेवाइकांकडे आलेल्या शोभाताई भेटल्या. त्यांनी थांबून पेरलं होतं. धूळपेरणीवाल्यांचा कापूस आधी फुटला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"तुमच्या साहेबाचंच बरोबर निघालं ना वो," त्या म्हणाल्या. "पण आभाळाकडे पाहून जीव टांगणीले नव्हता माहा."

इकडे सरांना बढती मिळाली आणि मॉडेलमधून भरती-ओहोटी गेली. मग आमच्या कॉम्प्युटरमधला इंडोनेशियाजवळचा समुद्र तापत गेला. तिथे नको तेवढा पाऊस पडू लागला आणि पुढचा अंदाज साफ चुकला. भरती-ओहोटी गुपचूप परत आली. 'सरांची नवी सुधारणा' या नावाने तिचं प्रेझेंटेशन मीच तयार केलं.

अंदाज बरोबर येणं वेगळं आणि त्यामागचं कारण माहीत असणं वेगळं. बढती पहिल्यावर मिळते.