फळ्याचा उजवा कोपरा

भोयर सरांशी वाकडं घेतलं की माणूस फळ्यावर जायचा. नावानिशी आणि इंग्रजीत.

जरीपटक्यातल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, नि वाक्य कळावं म्हणून त्याचं चित्र काढायला लावायचे. एक आडवी रेघ. डाव्या बाजूला करणारा, मग रेघेला आरपार छेद, पुढे त्यानं केलं काय ते. मग एक अर्धी उभी रेघ नि ज्याच्यावर बेतलं ती वस्तू. बाकीचे शब्द खाली तिरप्या रेघांना लटकलेले. वाक्यं मात्र पुस्तकातली नसायचीच. सायकल स्टँडवाल्यानं सरांच्या सायकलची घंटी तोडली, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'स्टँडवाला ब्रोक माय बेल'. "आधी त्याले रेघेवर घ्या गा," सर म्हणायचे, "मंग पाहू काय केलं त्यानं."

असं वाक्य फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात राहायचं. भरपाई होईपर्यंत पुसायचं नाही, हा सरांचा नियम. स्टँडवाल्याची मुलगी आमच्याच वर्गात होती, तिनं घरी जाऊन सांगितलं. नवी घंटी बसली तेव्हा सरांनी स्वतः डस्टर घेऊन कोपरा साफ केला, वर स्टँडवाल्याला चहा पाजला. क्षमाबिमा त्यांना मुळीच पटायची नाही. "विसरून जाणं हा आळशी लोकायचा धंदा आहे," म्हणायचे. मला हा माणूस भयंकर आवडायचा. मीही तसलीच, आईच्या शब्दांत सांगायचं तर डूख धरणारी.

दहावीला, ऐन परीक्षेच्या तोंडावर शाळा चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख भाऊसाहेब वर्गात आले. त्यांची सून नुकतीच बीएड झाली होती. आमचा वर्ग तिला देऊन टाकला नि सरांना ग्रंथालयात बसवलं. वर आमच्यादेखत म्हणाले, हे रेघोट्यांचं खूळ आता बंद. सरांनी खडू खिशात टाकला नि निघून गेले. ग्रंथालय कसलं, दोन कपाटं नि एक खुर्ची. तिथे फळा नव्हता. निवृत्त होईपर्यंत सरांना पुन्हा वर्ग मिळाला नाही.

लग्नानंतर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेस्याला राहायला गेले, तरी त्यांच्याकडे जाणं सोडलं नाही. शेवटी शेवटी ते खाटेवरच असत. एकदा भाऊसाहेबांचा विषय निघाला, तसे उठून बसले.

"साऱ्यायले कोपऱ्यात घेतलं, हा एकच सुटला," म्हणाले. "माह्याजवळ फळाच नाही वं. कुठं लिहू त्याले?"

मी म्हटलं, तुम्ही बरे व्हा, मग लिहू. ते बरे झाले नाहीत.

शोकसभा शाळेत, आमच्या त्याच वर्गात ठेवली. अध्यक्ष कोण, तर भाऊसाहेब! माझं डोकंच फिरलं. मी कोणी यायच्या आत जाऊन पोहोचले आणि उजव्या कोपऱ्यात आडवी रेघ ओढली. 'भाऊसाहेब टुक सर्स क्लास'. 'सर्स' खाली तिरप्या रेघेला नीट लटकवलं. खरं सांगते, काळजाला गार वाटलं.

माणसं जमली. स्टँडवाल्याची मुलगीही आली होती, तिनं कोपरा वाचला नि ओढणी तोंडाला लावली. भाऊसाहेब फळ्याकडे पाठ करून, सर म्हणजे आपला उजवा हात कसा होता, ते सांगत राहिले. समोरचे सगळे आपल्या खांद्यावरून मागे बघताहेत, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. वळले, वाचलं, नि चेहरा पडला. माझ्या हाताला लागलेला खडू त्यांना दिसलाच असणार.

"बेटा, झालं ते झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "सर तर गेले. आता पुसून टाक."

"भरपाई झाली की पुसतात, भाऊसाहेब," मी म्हटलं. "सरांना वर्ग परत द्या, लगेच पुसते."

टेबलावरचं डस्टर उचललं, पर्समध्ये टाकलं नि जाग्यावर येऊन बसले. नंतर शिपायानं ओल्या फडक्यानं पुसलंच असेल म्हणा. पण ते काही सरांच्या नियमानं पुसलेलं नाही. डस्टर माझ्या घरी आहे.