हापशावर बायका काय म्हणतात

माझे सासरे, अप्पा, रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की दुकान उघडायच्या आधी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहायचे. त्यांना कुठं जायचं नसायचं. उदगीरची गाडी आली की उतरणाऱ्यांच्या तोंडाकडं न बघता हातांकडं आणि पायांकडं बघायचे. पिशवीत काय आहे, वहाणांना चिखल आहे की नुसती धूळ. गाडी गेली की परत येऊन दुकानाच्या फळ्या काढायचे. लोक हसायचे. "अप्पा, कुणाची वाट बघून राहिलात?" "गिऱ्हाइकाची," ते म्हणायचे. "दुकानात यायच्या आदी ते कुठून तरी निघालेलं असतंय की."

जळकोटला आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. मी उमरीची. चौथी झाली, मग शाळा सुटली, मग लग्न. मुळातच मला बोलणं जमत नसे. सुनेनं सासऱ्यांसमोर यायचं नाही, कामापुरतं दाराआडून बोलायचं, अशी घरात रीत होती. मला ती सोयीचीच वाटली. दाराआडून मी अप्पांचं सगळं ऐकायची.

माझ्या नवऱ्याला ते सांगायचे, "आभाळ, सरकार, रस्ता आन सोयरिकी. ह्या चार गोष्टी आपल्या हातात न्हाईत, पर दुकान त्यांच्याच हातात हाय. सकाळी उठून आदी त्यांचं तोंड बघावं." आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. डांबरी रस्ता होणार असं कळलं तेव्हा त्यांनी लग्नातली मोठी पातेली आणणं थांबवलं. म्हणाले, "आता वऱ्हाड मुक्कामाला राहत न्हाई. जेवलं की गाडीत बसतंय. तीन दिवसांचा सैपाक कुणासाठी?" तसंच झालं. दुसऱ्या दुकानदारांची पातेली माळ्यावर काळी पडली.

मग दोन वर्षं पाऊस आला नाही. लातूर जिल्हा वेगळा झाला तोही त्याच सुमाराला. लोक घरातल्या घागरी, हंडे मोडीत घालायला आमच्याकडं आणायचे. बाईच्या हातून घागर घेताना अप्पा खाली मान घालून घ्यायचे. मोडीचा ढीग वाढत गेला.

एकदा ते लातूरला जाऊन आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "कचेऱ्या येऊन राहिल्यात. पोरांना नोकऱ्या लागतील. दुष्काळानं अडलेल्या सोयरिकी पावसाबरोबर निघतील. ज्यांनी घागरी मोडल्या, ते पाणी काय ओंजळीत आणणार हायेत? सगळी मोड तांबटाला देऊ. नव्या घागरी करू."

"थोडं स्टील घेऊ की," नवरा म्हणाला.

"स्टील साहेबांच्या घरात. इथं पाणी तांब्याचंच."

घरात होतं नव्हतं ते सगळं त्या घागरींत जाणार होतं. आणि मला माहीत होतं की त्या खपणार नाहीत.

पाणी गावाबाहेरच्या हापशावरून आणावं लागे. पहाटेपासून रांग. सगळ्या बायकांच्या हातात लाल, हिरव्या प्लास्टिकच्या घागरी. उदगीरकडचा एक सायकलवाला जुन्या लुगड्यांवर देऊन जायचा. माझ्या डोक्यावर तेवढी तांब्याची. सासूबाई म्हणायच्या, "भांडेवाल्याची सून प्लास्टिक घेऊन निघाली तर गाव काय म्हणंल?" भरलेली घागर घेऊन आलं की दिवसभर मान वळत नसे.

"काय गं तांब्याची राणी, मान हाय का गेली?" बायका चिडवायच्या. शेजारची कमल म्हणायची, "देवा, पाऊस पाड, पर ही हलकी घागर मी आता सोडत न्हाई बघ. तांब्याची एक असू दे देवापुढं." सगळ्या व्हय व्हय करायच्या. एका सकाळी तिनं माझी घागर काढून घेतली, आपली माझ्या डोक्यावर ठेवली. गल्लीच्या तोंडाशी आम्ही परत बदलल्या.

त्याच संध्याकाळी अप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरले. असं ते कधी येत नसत.

"उमरीच्या पोरी, एक इचारतो. हापशावर बायका काय म्हणून राहिल्यात? घागरीचं?"

चुलीपाशी सासूबाई होत्या. मला वाटलं, सकाळी घागरी बदलल्याचं कुणीतरी सांगितलं.

"काय न्हाई," मी म्हणाले.

"काहीच न्हाई?"

"न्हाई."

ते परत ओसरीवर गेले. सकाळी मोडीची गाडी तांबटाकडं निघाली.

पुढं अप्पा म्हणाले होते ते सगळं झालं. पाऊस झाला, कचेऱ्या आल्या, लग्नं निघाली. एकेका लग्नाला एकेक घागर गेली, देवापुढं ठेवायला. बाकीच्या दुकानात मावेनात म्हणून माजघरात आल्या, मग स्वयंपाकघरात. मी त्यांच्यातून अंग चोरून चुलीपर्यंत जायची. हात लागला की सगळी रांग वाजायची आणि ओसरीवर अप्पा गप्प व्हायचे.

एका सकाळी ते थांब्यावर गेले नाहीत. हापशापासून लांब, लिंबाखाली येऊन उभे राहिले. बायकांनी पदर पुढं ओढले. अप्पा नुसते आमच्या डोक्यांकडं बघत होते. त्या दिवशी बाजारातून येताना त्यांच्या हातात लाल प्लास्टिकची घागर होती, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी. कुणी तरी ओरडलं, "अप्पा, धंदा बदलला का काय?"

ती त्यांनी माझ्या दाराशी ठेवली. "घे. मान मोडून घेऊ नको." मग म्हणाले, "तुला ठाऊक व्हतं?"

मी दाराआडून हात पुढं करून घागर आत ओढली.

"हां. समद्या जगाला मी त्याच्या जागेवर जाऊन बघितलं, आन तुला दाराआडून इचारलं. सासऱ्यानं इचारल्यावर सून काय सांगणार?"

मला त्यांनी रागावायला हवं होतं. आजही तसंच वाटतं.

घागरी पुन्हा मोडीत गेल्या. दुकान विकलं. नवरा लातूरला दुसऱ्याच्या स्टीलच्या दुकानात नोकर म्हणून गल्ल्याबाहेर उभा राहू लागला. अप्पांनी अंथरूण धरलं. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पाणी द्यायला गेले आणि परत दाराआड न जाता तिथंच खाली बसले.

"अप्पा," मी म्हणाले, "हापशावर बायका म्हणत व्हत्या..." आणि सांगू लागले. मानेचं, कमलचं, सायकलवाल्याचं. आता गावात नळ येणार, दिवसाआड पाणी सोडणार, म्हणून बायकांना झाकणाची मोठी पिंपं पाहिजेत, तेही. माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता.

अप्पांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. मी थांबले.

"मग?" ते म्हणाले. "आनखी काय म्हणतात?"

मी सांगत राहिले.