खलफचाचांच्या मरणाची बातमी

आमच्या गावात कोण मेलं हे खलफचाचांनी मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं, तरच लोक मानायचे. चाळीस वर्षं हाच शिरस्ता. निरोप आला तरी चाचा आधी त्या घरी जायचे, चादर सरकवून चेहरा बघायचे, मगच नाव घ्यायचे. नाव ऐकलं की हातातला घास टाकून गाव निघायचं.

यंदा त्यांचा घसा बसला, तो बसलाच. मी रिफाई, बियाण्यांच्या दुकानात बसतो. मोठा शहाणा! म्हटलं, "चाचा, ॲप करतो. नाव लिहून बटण दाबलं की सगळ्यांच्या फोनवर बातमी."

"कॉम्प्युटर कुठाय तुझ्याकडे?"

"हवाय कशाला? फोनवरच लिहितो जावास्क्रिप्ट."

दोन महिने तडकलेल्या काचेवर अंगठे झिजवले. एक कंस राहिला की सगळं मुसळ केरात. शेवटी चाललं. तीनशे जणांनी ॲप घेतलं. पुढच्या सुधारणा तपासायला फक्त माझा फोन असलेली वेगळी यादी करायला हवी होती. पण कोण करत बसणार? बघू नंतर, म्हटलं.

त्या दुपारी चाचा दुकानात समोरच चहा पीत होते. नवी सुधारणा तपासायला कुठलंतरी नाव हवं होतं. समोर दिसलं ते लिहिलं: खलफ अब्दुल्लतीफ, वारले. आणि दाबलं बटण.

चाचांच्याच खिशातला फोन वाजला. त्यांनी वाचलं, पेला खाली ठेवला. तेवढ्यात गल्लीत पहिला हंबरडा फुटला.

चूक सुधारायला मी दुसरी बातमी लिहायला घेतली. तोवर मांडववाल्याने दुखवट्याच्या खुर्च्या उतरवल्या होत्या. कालव्यापलीकडून चाचांची ऐंशी वर्षांची बहीण नगिया अनवाणी आली, छाती पिटत. भाऊ दुकानाच्या दारात उभा बघून मटकन खाली बसली.

"मेल्या, हात कसे झडले नाहीत तुझे?" ती मला म्हणाली. झडले असते तर बरं झालं असतं.

चाचा मशिदीत गेले. फुटक्या आवाजात भोंग्यावरून म्हणाले, "मी खलफ. जिवंत आहे." गल्लीतले लोक खो खो हसले. त्या भोंग्यावर आजवर कुणी हसलं नव्हतं. मला वाटलं, जमीन फाटावी.

ते परत आले तसा त्यांच्या माथ्याचं चुंबन घेऊन माफी मागायला मी पुढे झालो. त्यांनी मान मागे घेतली.

"पोरा, चेहरा बघितल्याशिवाय मी कधी कुणाचं नाव घेतलं नाही," ते म्हणाले. "आणि तू तर माझा चेहरा बघत होतास."