भिंतीला हात लावणारी मावशी

कुठल्याही घरात शिरायच्या आधी ती भिंतीला तळहात लावायची. धार काढायला बसताना गायीच्या पाठीवर हात ठेवतात ना, तसा. जरा थांबायची, मग म्हणायची, "निजलीय. या आत." आणि मगच चपला काढायची.

ती आमच्या शेजारची मावशी. नात्याची नाही. एकटीच राहायची, चारोटीला एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायची. माझं माहेर आगरला, समुद्राच्या काठी. तिथं पाण्याची भीती, पण पाणी येताना दिसतं तरी. लग्न करून तलासरीला आले तर इथं भुईच हलते, आधी खालून गडगडल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात आणि मी पोराला उचलून पळते, चूल तशीच, भात तसाच. नवरा अच्छाडला ढाब्यावर, रात्रपाळीला. मग मी कोणाकडे पळणार, मावशीकडेच.

तुम्ही आमच्याकडे आलात तर बघा, स्लॅबची पक्की घरं आहेत आणि प्रत्येकाच्या अंगणात एक कुडाची झोपडी, नाहीतर निळी ताडपत्री. स्वयंपाक घरात, झोपायचं बाहेर. बाजारात पण आता वरचा मजला कोणी चढवत नाही, पत्रे टाकून मोकळे होतात. सगळं गाव खाली बसल्यासारखं झालंय.

मावशी दुकानाच्या भिंतीला पण हात लावायची. किराणावाला चिडवायचा, "काय मावशी, ताप आहे काय भिंतीला?"

"तुझ्या भिंतीत वाळूच जास्त," ती म्हणायची. "ताप चढायला सिमेंट लागतं."

माझा नवरा म्हणायचा, हात लावून काय कळतं, ती काय डॉक्टर आहे. मी एकदा तिला विचारलंच. ती हसली. "काय कळायचं गं. माझाच हात कापत असतो. टेकला की थांबतो."

तेव्हा मला कळलं ती पण घाबरते. मला उलट बरं वाटलं.

मग भात कापणीला आलेला, त्या दिवसात. दिवसभर हलत होतं. संध्याकाळी आमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, मी पोराला घेऊन तिच्या ताडपत्रीखाली गेले. तिच्याकडे खाट एकच.

"पोराला घे खाटेवर," ती म्हणाली.

"आणि तू गं मावशी?"

"मला भुईची सवय आहे."

तिनं भुईला हात लावला, जरा थांबली, म्हणाली, "निजलीय." आणि गोधडी अंथरली.

सकाळी ती उठली, चहा टाकला, म्हणाली पोटात दुखतंय. मग म्हणाली, "डोळे मिटतायत गं आपोआप, झोप तर नाही." मी म्हटलं दमली असशील. तिला नीट बोलता येईना तेव्हा मी ओरडले, शेजारी धावले, कोणीतरी गोधडी झटकली तर मण्यार निघाली, काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. पायाला बघितलं तर डास चावल्यासारखं, बस तेवढंच. किराणावाल्यानं टेम्पो काढला. वाटेतच मावशीनं मान टाकली.

आम्ही सगळे भिंतीकडेच बघत होतो.

मला रडू आलं नाही. अजून येत नाही. भाकरी भाजते, पोराला भरवते, हललं की पळते. नवऱ्यानं दुसरी खाट आणलीय, तिच्या चारी पायांखाली विटा लावल्यात. मी त्यावर झोपते आणि खाली बघत राहते.

मावशीची भिंत उभीच आहे. एवढं हललं तरी पडली नाही.

पोरगा आता चालतो. कुठंही गेला की आधी भिंतीला तळहात लावतो, कोणी शिकवलं नाही त्याला, बघितलेलं लक्षात राहिलं असेल. काल तिच्या बंद दारापाशी गेला आणि तसाच हात टेकवून उभा राहिला. तो काय म्हणतो याची मी वाट बघत होते.