वाळवीने खाल्लेली पन्नासची नोट

म्बारेच्या बाजारात माझ्या टोमॅटोशेजारी माई रोपा बसते. रोपाची आई म्हणून माई रोपा. फाटके डॉलर स्वस्तात घेते, चिकटवते, सरहद्दीपलीकडे खपवते. आमचं स्वतःचं चलन शून्यांनी फुगून मेलं, तेव्हापासून हा धंदा. त्याआधी ती अठ्ठावीस वर्षं नर्स होती.

मंगळवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. कोट जुना, पण इस्त्रीचा. पन्नासची नोट पुढे केली. एक कोपरा वाळवीने फस्त केलेला.

माईने नोट नाही, चेहरा पाहिला. "गोंडो साहेब ना? बँकेचे मॅनेजर?"

"होतो. तुम्ही...?"

"तुमची खातेदार. नोट कुठे ठेवली होतीत?"

"अंगणात. डब्यात घालून पुरली होती."

"अगं बाई. बँकेत नाही ठेवलीत?"

मी हसू दाबलं. साहेब म्हणाले, "माई, चार वाजता जोहान्सबर्गची बस आहे. उद्या मुलीचं लग्न. तिकीट चाळीस."

"चाळीसच देते. रांगेत उभे राहा."

पुढे नऊ माणसं होती. साहेबांचा नंबर लागेस्तोवर अकरा वाजले.

"तीस," माई म्हणाली.

"मघाशी तर चाळीस म्हणालात."

"मघाशी होता तो भाव. पटत नसेल तर मागे जाऊन विचार करा."

ते बाजारभर फिरून आले. वाळवीची नोट दुसरं कोणी घेईना. पुन्हा रांग. एक वाजता वीस. तीन वाजता बारा.

"तुम्ही मुद्दाम करताय," साहेब कुजबुजले.

"मी कोण करणारी? वरून धोरण बदलतं, साहेब. तुम्हीच सांगायचात ना, खिडकीतून? मी रोपाच्या कॉलेजची फी काढायला आले होते. पहाटे चारपासून रांगेत. तुम्ही म्हणालात, आपल्या चलनावर विश्वास ठेवा, उद्या या. पाच उद्या झाले. सहाव्या दिवशी खात्यातल्या सगळ्या पैशांत एकच पाव आला. आणि त्याच आठवड्यात तुम्ही डॉलर पुरत होतात."

साहेब पुन्हा रांगेच्या टोकाला गेले.

चार वाजता स्टँडवर बसचा भोंगा वाजला. साहेबांनी नोट ठेवली. माईने एक डॉलर त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"यात पाव येतो. मी सकाळीच चौकशी केलीय."

ते गेले. माईने नोटेच्या कोपऱ्याला डिंक लावला, वर इस्त्री ठेवली. मला राहवलं नाही. "माई, त्यांच्या मुलीचं लग्न होतं गं."

"माझ्या मुलीचं कॉलेज होतं." ती डिंकाचं बोट कमरेच्या फडक्याला पुसत राहिली. "पन्नास रोपाला पाठवते. जोहान्सबर्गलाच आहे. एक दिवस तरी लोकांच्या फरशा पुसणार नाही."

"आणि ते परत आले तर?"

"येऊ देत. उद्या भाव वेगळा असेल."