फाउंड्रीवाले आणि कोळशाची चिमणी

चार माणसं दर रविवारी जमून काहीतरी भाजायला लागली, की भाजलेलं संपतं आणि किस्से उरतात. आमच्याकडं आता एवढे साठलेत, की कंपनीत नवा माणूस आला की सेफ्टी ट्रेनिंगच्या आधी त्याला हेच ऐकावे लागतात!

आम्ही चौघं बेळगावच्या एका फाउंड्रीत. सुरेश आप्पा भट्टीवर, मारुती वेल्डर, निपाणीचा भरतेश स्टोअरला आणि मी क्वालिटीत. आप्पांचं शेत हिंडलग्याला. रविवारी दुपारनंतर तिथं ग्रिल. भरतेश जैन, म्हणून त्याची कणसं आणि पनीर आधी, त्याच्या वेगळ्या जाळीवर. मग आमचं चिकन.

*

पहिल्या रविवारी कोळसा पेटवायला मी पुढं झालो, तर आप्पांनी मला मागं ओढलं. "बाजूला हो रं. जल्म गेला माझा भट्टीवर!"

पाऊण तास त्यांनी सुपानं वारा घातला. फुंकणीनं फुंकलं. डोळे लालभडक झाले. शेवटी पाण्याच्या इंजिनातलं डिझेल आणून ओतलं. कोळसा पेटला, पण चिकन खाताना ट्रॅक्टर चावल्यासारखं वाटत होतं.

मारुती म्हणाला, "आप्पा, रोज लोखंडाचं पाणी करताय, आन् दोन किलो कोळसा पेटंना?"

"तिथं बटन असतंय रं!"

*

भरतेश सूर्य मावळल्यावर जेवत नाही. आणि आमचा विस्तव तयार व्हायचा तेव्हा नेमका सूर्य बुडालेला असायचा. तीन रविवार तो उजेड असतानाच दोन केळी खाऊन उठला. मी विचारलं की हसून म्हणायचा, "मला भूकच न्हाय, अण्णा."

चौथ्या रविवारी आप्पांनी हातातलं सूप खाली आपटलं. "ह्यो उपाशी उठतोय आन् आपण कोंबडी चावतोय. न्हाय चालायचं!"

मी मोबाईलवर चिमणी स्टार्टर बघितला होता. पत्र्याचा उभा डबा, दोन्हीकडून उघडा, आत खालच्या बाजूला जाळी. जाळीवर कोळसा, जाळीखाली कागद. कागद पेटवला की वारा खालून वर ओढला जातो आणि वीस मिनिटांत कोळसा फुलतो.

आप्पा सोमवारीच मिक्सर-शेगड्यांच्या दुकानात गेले. "चिमणी दाखवा."

"ऑटो क्लीन देऊ काय, काका?"

"राख आमची आम्ही झाडतो. पेटणारी दे."

दुकानदार गोंधळला. "काका, पेटलेली चिमणी आमच्याकडं सर्व्हिसला येती!"

*

मग ठरलं, घरीच करायची. मी हुशारी करून चकचकीत जीआय पत्रा आणला. मारुतीनं तो हातात घेतला, उलटा केला आणि परत माझ्याच हातात दिला.

"का रं? गंजणार न्हाय की!"

"ह्याच्यावर जस्त असतंय. तापलं की इखारी धूर. ह्यावर वेल्डिंग करून मला एकदा ताप भरलाय. आता कोंबडीला नको!"

दुसरा प्रयत्न आप्पांचा. "पातळ पत्रा टिकायचा न्हाय," म्हणून त्यांनी जाड पाईपचा तुकडा आणला. चिमणी झाली एकदम दणकट! पण रिकामी उचलायलाच दोघं लागायचे, मग ही निखाऱ्यांनी भरून ग्रिलमध्ये ओतायची कशी?

भरतेशनं तिच्याभोवती एक फेरी मारली. "आप्पा, ओतायला क्रेन बुक करू काय?"

तिसऱ्या वेळी मारुतीनं कुणाचंही ऐकलं नाही. साधा काळा पत्रा, खाली ओळीनं भोकं, एक लांब लाकडी मूठ आणि ओतताना तोल धरायला समोरून दुसरी कडी. चिमणी कुणीही निवडावी ती अशीच. भरलेली उचलता आली पाहिजे आणि हात भाजता कामा नये. बाकी सगळं शोभेचं!

*

पहिल्यांदा पेटवायचा मान मला मिळाला. मी आठवड्याचे पेपर खाली गच्च ठासले. कोळसा पेटायचा राहिला बाजूला, असा धूर झाला की पलीकडच्या शेतातला माणूस घागर घेऊन पळत आला!

आप्पांच्या बायको, शांताक्का, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली, वाकून बघितलं आणि निम्म्याहून जास्त कागद उपसून काढला.

"चुलीत कधी काडी तरी घातलीसा काय? वाऱ्याला जागा नको?"

दोन पानं सैल चुरगळून, त्यावर थेंबभर गोडंतेल. बास! वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख धरली. मारुतीनं हातमोजे घालून निखारे ओतले. सूर्य अजून चांगला दोन हात वर होता.

भरतेशनं एका बैठकीत चार कणसं संपवली. आप्पा त्याच्याकडं बघतच राहिले. "भूक न्हाय म्हणत हुतास की!"

"ती त्या रविवारी नव्हती, आप्पा."

*

एकदा कोल्हापूरला पाहुण्यांकडं चिमणी घेऊन निघालो. कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबवली. पोलिसानं डिकीतनं चिमणी काढली आणि भोकं मोजल्यासारखी बघितली. "इदु एनु?" म्हणजे, हे काय?

भरतेशनं कन्नडमध्ये सगळं समजावलं. कागद कुठं, कोळसा कुठं, ओतायचं कसं. पोलिसानं चिमणी डोळ्याला लावून आमच्याकडं बघितलं आणि चक्क मराठीत विचारलं, "कुठं मिळती ही? आमचं दाजी अजून डिझेलच ओतत्यात!"

आम्ही तिघांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा महाराष्ट्राकडं बघत होते.

*

आता शेवटचा किस्सा. भरतेश बेळगावात खोली करून राहतो. आई निपाणीत एकटी. रविवारी घरी का येत नाहीस म्हटलं, की हा सांगायचा, "ओव्हरटाइम असतोय."

ओव्हरटाइम कसला, आमच्यासोबत शेतावर डब्यात कोळसा पेटवून भाजणं चालतंय, हे आईला कुठूनतरी कळलं. त्यांनी ओरडा केला नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुझ्या दोस्तांना घिऊन ये. त्यो डबा पण आणा."

आम्ही गेलो. सोबत चिमणी, कणसांची पिशवी आणि कोरी जाळी.

आई दारातच उभ्या होत्या. चिमणीकडं बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्यात आजवर काय काय भाजलंय?"

भरतेशचा चेहरा उतरला. आप्पा चपलेचा अंगठा चाचपायला लागले.

मारुतीनं चिमणी सरळ त्यांच्यापुढं धरली. "आई, ह्यात फक्त कोळसाच भाजतोय. आजवर दुसरं कायबी न्हाय."

आईंनी आत वाकून बघितलं. मग मारुतीकडं बघत लेकाकडं बोट केलं. "आणि ह्यो? ह्यो काय खातोय तुमच्यात?"

"कणसं. आमच्या आधी. येगळ्या जाळीवर."

त्या तशाच आत गेल्या. आम्ही चौघं अंगणात, चिमणी हातात, आत बोलावलंय का घालवलंय तेच कळेना! पाच मिनिटांनी त्या आल्या, परातीत मीठ-मिरची लावलेली ढबू मिरची आणि पनीर घेऊन. परात मारुतीच्या हातात दिली आणि लेकाकडं वळल्या.

"गाडीत जागा ठेव. पुढच्या रविवारी मीबी येते ओव्हरटाइमला."