चाचांची उपाशी ओळ

चाचांच्या शेतात एक ओळ कायम उपाशी असे. कापूस असो की ज्वारी, सगळ्या पिकाला खत मिळायचे, पण रस्त्याकडून अकराव्या ओळीला चिमूटभरही नाही. ती ओळखू यावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ते काठ्या रोवत. रस्त्याने जाणारे विचारत, "काऊन चाचा, तिनं रोजा धरला काय?" चाचा म्हणत, "हाव. तिच्यामुळंच मले समजते, बाकीच्याइनं खाल्लेलं अंगी लागलं का वाया गेलं."

वरवट बकालमध्ये मी कृषी सहायक होतो तेव्हाची ही गोष्ट. बीटी कापसाने सुरुवातीला घरे उभी केली, मग तीच खाली आणली. बोंडे फोडावीत तर आत गुलाबी अळी. तरी लोक पोत्यामागून पोते खत ओतत राहिले, कारण शेजारी ओतत होता. ओतत नव्हते ते फक्त चाचा. गजानन नावाचा त्यांचा शेजारी म्हणायचा, "चाचा, तुमी खत टाकता का दवाई देता?" कारण चाचा खत चहाच्या कपाने मोजून देत. पण पेरणीच्या तोंडावर हाच गजानन त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. चाचा म्हणतील ते वाण, चाचा म्हणतील तेवढे खत. गावात कोणाच्या शब्दावर पेरणी होत असेल, तर ती चाचांच्या.

कापसाला पर्याय म्हणून बेबी कॉर्न आले. शहरातला एक व्यापारी कोवळी कणसे घ्यायला तयार होता. प्रात्यक्षिकासाठी मी चाचांचे अर्धा एकर शेत निवडले. मी दोन वाण नेले होते. एक उंच, दाण्याच्या मक्याचे, दुसरे बुटके. चाचांनी दोन्हींच्या चार-चार ओळी आधी परसात लावून पाहिल्या. उंच झाडाला एकच कणीस धरले, बुटक्याला तीन. "साहेब, आपल्याले दाणा पाह्यजे का लेकरं?" असे म्हणून त्यांनी बुटके निवडले. ती निवड अचूक होती, हे आधी लिहून ठेवतो.

खताचे त्यांनी तीन पट्टे केले. एकाला शिफारशीएवढे, एकाला पाऊण, एकाला अर्धे. आणि अकरावी ओळ उपाशी. मका गुडघ्याएवढा झाला तेव्हा ती ओळ पिवळी, खुरटी दिसू लागली. नेमकी आठ दिवसांवर शिवारफेरी आली. तालुक्याहून वरिष्ठ येणार, शेत रस्त्याला लागून, आणि मध्ये तो पिवळा पट्टा. मला कोणी काही सांगितले नव्हते. मीच घाबरलो. चाचा भाचीच्या लग्नाला साखरखेर्ड्याला गेले होते. भर दुपारी मी युरियाची बादली घेऊन गेलो आणि अकराव्या ओळीला मूठ-मूठ फेकत या टोकाहून त्या टोकाला गेलो. मग पाणी सोडले.

चाचा परतले तेव्हा ओळ हिरवी होऊ लागली होती. ते बराच वेळ तिच्यात वाकून उभे होते. मग म्हणाले, "साहेब, पानाइवर भाजल्यासारखे डाग दिसते. कोणी हात लावला का हिले?"

"नाही," मी म्हणालो.

"तुमी म्हणता तं नसन."

शिवारफेरी छान झाली. अकराव्या ओळीची कणसे इतर ओळींएवढीच भरली. चाचांनी चार दिवस विचार केला आणि पारावर सांगितले, "बीटीले इतके वर्षं पाजलेलं खत जमिनीतच हाय. मक्याची मुळी खाली गेली अन् तिले ते सापडलं. पेरताना द्या, वरून युरिया नका देऊ." मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडायला तेव्हा एक क्षण पुरला असता.

पुढच्या हंगामात गजाननसह पंधरा-वीस जणांनी बेबी कॉर्न लावले, चाचांच्या शब्दावर. गुडघ्याला येता येता शेतेच्या शेते पिवळी पडली. कणसे वाकडी, करंगळीहून बारीक. व्यापाऱ्याची गाडी वळूनही न पाहता निघून गेली. बैलांपुढे टाकलेल्या त्या मक्याजवळ उभा राहून गजानन चाचांना म्हणाला, "तुमची एक ओळ उपाशी होती चाचा, आमचं सारं वावरच उपाशी ठेवलं न तुमी!" लोकांनी वाणालाही नावे ठेवली, बेबी कॉर्नलाही, आणि पुन्हा कापूस पेरला. पाऊण खतात भागते, हे चाचांच्या पट्ट्यांनी दाखवले होते. ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

चाचांनी काठ्या उपटल्या. शेत बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिले. पेरणीच्या दिवसांत त्यांच्या ओट्यावर कोणी येईना, तरी ते सकाळी ओटा झाडून, सतरंजी टाकून बसत. मी जात असे. ते चहा देत, माझ्या मुलांची चौकशी करत. तो विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी ते गेले. माती द्यायला मी पुढे होतो.

मागच्या महिन्यात मी चाचींकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"त्याइले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लोकाइचा मका पिवळा पडला त्याच दिवशी समजलं त्याइले. घरी येऊन म्हणे, युरिया पोंग्यात, वरच्या कवळ्या पानाइच्या सुरळीत, पडला का पान असंच भाजते. डाग मी तं डोयानं पाह्यले होते, म्हणे, पण साहेबाचं आयकलं."

"मग लोकांना का नाही सांगितलं?"

"मी बी तेच म्हनलं. तं म्हणे, साहेबाची नोकरी जाईन, लेकरं लहान हाय त्याइचे."

प्रात्यक्षिकाच्या वहीत अकराव्या ओळीपुढे माझ्या अक्षरात 'खत नाही' असे लिहिले आहे. ते खोटे आहे. त्या ओळीने माझ्या हातचे खाल्ले होते. आणि माझ्या मुलांनी, शेवटच्या पगारापर्यंत, चाचांच्या हातचे.